चिठ्ठीची गाणी, साठ मिनिटांत : मदत हवी आहे

मेलव्हॅन (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

एका यादीसाठी मदत हवी आहे. विषय आहे चिठ्ठी. पत्र, खत, टपाल, पोस्टमन, काहीही चालेल. हिंदी-मराठी दोन्ही. अट एकच, सगळी गाणी मिळून साठ मिनिटांत बसली पाहिजेत.

साठच का, ते सांगतो. विषय धरून गाणी लावायचा नाद मला १९८३ पासून आहे. तेव्हा प्लेलिस्ट हा शब्द आमच्या कानावर नव्हता, 'कॅसेट भरून घेणं' म्हणायचो. नाशिकच्या मेन रोडला एक दुकान होतं. वहीच्या पानावर गाणी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि आठ दिवसांनी आणायला जायचं. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. पण सी-९० ची फीत पातळ, आमच्या टेपमध्ये हमखास गुंतायची. म्हणून मी कायम सी-६० घेतली. एका बाजूला आठ गाणी बसायची, कारण जुनं गाणं सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं ना.

माझी पहिली कॅसेट भरून आली तेव्हा दुकानदाराने क्रम बदललेला होता आणि ए बाजूचं शेवटचं गाणं अंतऱ्याच्या मध्येच तुटलं होतं. फीत संपली, गाणं राहिलं. मला तीन दिवस झोप लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं-सेकंद लिहायची सवय लागली. त्या वह्या अजून आहेत, अकरा भरल्यात.

नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसची. मुंबई ते भुसावळ, रात्रीच्या गाडीत टपालाचा डबा असायचा. चालत्या गाडीत उभं राहून पत्रं खणांत टाकायची, बॅगा बांधायच्या, सुतळीच्या गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा. कसारा घाटात गाडी बोगद्यात शिरली की दिव्याखाली फक्त हात आणि पत्ते दिसायचे. आकाशवाणीच्या नावाची फर्माइशीची पोस्टकार्डं गठ्ठ्याने यायची. एका कार्डावर गाणं एक आणि नावं वीस! भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड. वाचायची परवानगी नसते, पण कार्ड उघडंच असतं, डोळ्यांना दिसतंच. कुठल्या गावाला काय आवडतं हे मला त्या खणांवरून कळायचं.

आता ही यादी कुणासाठी, तर ताईसाठी. ती येवल्याला असते, वय ७८. लग्न होऊन गेल्यापासून मी तिला दर रविवारी पोस्टकार्ड टाकायचो आणि कार्डाच्या कोपऱ्यात त्या आठवड्यात मनात बसलेल्या गाण्याचा मुखडा लिहायचो. मग ती ते गाणं रेडिओवर लागायची वाट बघायची. कधी दोन दिवसांत लागायचं, कधी वर्षाने. काचबिंदूने आता तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. कार्ड वाचता येत नाही. म्हणून एक तासभराचं पत्र पाठवायचं म्हणतोय.

आतापर्यंत जमलेली : 'लिखे जो ख़त तुझे' (कन्यादान), 'फूल तुम्हें भेजा है ख़त में' (सरस्वतीचंद्र), ही दोन्ही १९६८ ची. 'ये मेरा प्रेमपत्र पढ़कर' (संगम, १९६४). 'डाकिया डाक लाया' (पलकों की छाँव में, १९७७), हे तर आमच्या खात्याचं राष्ट्रगीतच. 'चिट्ठी आई है' (नाम, १९८६).

मराठीत मात्र अडलोय.

---

सातपूरकर (रविवार, रात्री १०:०५)

काका, धागा एकदम मनातला. 'मेरे पिया गए रंगून' घ्या ना, पतंगा, १९४९. सी. रामचंद्रांचं संगीत आणि शमशाद बेगमबरोबर गायलेतही तेच. आपल्या पुणतांब्याचा माणूस.

---

मेलव्हॅन (रविवार, रात्री १०:१८)

सातपूरकर, गाणं जिवाभावाचं आहे, पण त्यात टेलिफोन आहे. फोन म्हणजे चिठ्ठी नव्हे. इथे ढिलाई केली की उद्या तार येईल, परवा ईमेल येईल आणि विषयाची कड निघून जाईल.

माझा अनुभव असा आहे की विषय जितका अरुंद, तितकी यादी चांगली. 'पाऊस' हा विषय नाहीच, त्यात दोनशे गाणी सहज येतात आणि एकाचंही दुसऱ्याशी नातं नसतं. 'पावसातली छत्री' हा विषय. मग श्री ४२० पासून सुरुवात होते आणि पुढे शोधायला लागतं. शोधताना शब्द ऐकावे लागतात. चाळीस वर्षं कानावरून गेलेलं कडवं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येतं. यादीपेक्षा मला ते जास्त हवं असतं.

---

शब्दवेडी (सोमवार, सकाळी ८:३०)

काका, मी वयाने इथली बहुतेक सगळ्यात लहान. मला आयुष्यात हाताने लिहिलेलं एकच पत्र आलंय, शाळेत बाईंनी लिहायला लावलेलं, तेही माझं मलाच. त्यामुळे हा विषय वाचून वेगळंच वाटलं.

आजीच्या कारवांवर (जुनी गाणी भरलेला तो रेडिओसारखा डबा) ऐकलेलं एक गाणं सुचवते. 'ख़त लिख दे सांवरिया के नाम बाबू', आये दिन बहार के, १९६६, आशाबाई. परवा नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्या मुलीला लिहिता येत नाहीये! ती बाबूला सांगतेय, तू लिही. म्हणजे तिच्या मनातलं सगळं आधी एका परक्या माणसाला ऐकवावं लागणार. हे खरंच असं होतं का?

---

मेलव्हॅन (सोमवार, सकाळी ९:१५)

अगं, होतं म्हणजे काय! हेड पोस्टाच्या आवारात मनीऑर्डरचे फॉर्म आणि पत्रं लिहून देणारे बसायचे. पत्र्याच्या पेटीवर कागद, कानाला पेन. बायका अर्धं सांगायच्या आणि थांबायच्या. लिहिणारा मान वर न करता म्हणायचा, 'सांगा बाई, मी ऐकत नाही, मी फक्त लिहितो.' मी हे स्वतः ऐकलंय. हे गाणं ए बाजूला पहिलं. यादीची सुरुवात लिहिता न येणाऱ्या माणसापासून व्हावी, हे मला सुचलं नसतं.

---

रानजाई (सोमवार, दुपारी १:५०)

मराठीचं मी सांगते. तुम्ही 'पत्र' शब्द शोधताय म्हणून अडलात. आपल्याकडे सासुरवाशिणीने पत्र लिहायचं कधी? लिहिता येत नव्हतं, आलं तरी घरातल्यांच्या हातून टपालात जायचं, म्हणजे आधी ते वाचणार. म्हणून तिने निरोप दुसऱ्यांकडे दिला. 'घाल घाल पिंगा वाऱ्या', कृ. ब. निकुंबांची कविता, कालिंदी केसकरांचा आवाज. ती वाऱ्याला सांगते की आईच्या कानात सांग, पोर सुखी आहे. आणि मग हळूहळू एकेक आठवण काढत जाते, परस, गाय, भाऊ. शेवटी कळतं की सुखी आहे हे आईला बरं वाटावं म्हणून सांगितलंय. हे पत्र नाही तर काय आहे?

दुसरं 'माझिया माहेरा जा'. राजा बढे यांचे शब्द, चाल पु. ल. देशपांड्यांची, गायल्या ज्योत्स्नाबाई भोळे. इथे टपाल पाखराकडे आहे. आणि पाखराला वाट माहीत नसेल म्हणून ती आपलं मनच सोबतीला देते.

---

सातपूरकर (सोमवार, दुपारी २:२०)

रानजाई ताई, गाणी सुंदरच, पण फोन चालत नाही आणि वारा चालतो, हा न्याय कसा? 🙂 वाऱ्याला ना पत्ता ना तिकीट.

---

रानजाई (सोमवार, दुपारी २:४५)

फोनवर समोरचा लगेच बोलतो. चिठ्ठीत लगेच उत्तर मिळत नाही. एकदा सोडली की पोचेल की नाही, कधी पोचेल, याची वाट बघत बसायचं. वारा आणि पाखरू यांच्यात ती वाट बघणं आहे. माझ्या मते विषय कागद नाहीये, वाट बघणं आहे.

---

मेलव्हॅन (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

रानजाई ताई, हे वाचून मी वही उघडली आणि विषयाच्या ओळीत 'चिठ्ठी' खोडून 'पाठवलेलं' असं लिहिलं. दोन्ही गाणी घेतली. हिंदीत ती बाबूला गाठते, मराठीत वाऱ्याला. दोन्ही ए बाजूला, एकापाठोपाठ.

---

तानपुरा (सोमवार, रात्री ११:१०)

उशिरा बघतोय धागा. वाऱ्याला आणि पाखराला जागा मिळाली असेल तर कावळ्याचा हक्क सगळ्यांत आधीचा आहे. ज्ञानेश्वरांची विराणी, 'पैल तो गे काऊ कोकताहे'. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. कावळा ओरडला म्हणजे पाहुणा येणार, आणि पाहुणा कोण तर पंढरीचा राजा. ती कावळ्याचे पाय सोन्याने मढवायला निघालीय. आपल्याकडचा सगळ्यात जुना पोस्टमन हाच म्हणायचा.

आणि आपण नाशिककर आहोत म्हणून आणखी एक. मेघाला दूत करून पाठवणाऱ्या कालिदासाचं नाव आपल्या कलामंदिराला आहे आणि ते मेघदूत मराठीत आणलं आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी. म्हणजे वारा, पाखरू, कावळा, ढग, चौघेही आपल्या हद्दीत येतात.

थोडं विषयांतर, क्षमा असावी. मीही विषयवार याद्या करतो. माझी सगळ्यात आवडती यादी 'नाशिकच्या शाईची गाणी'. म्हणजे ज्यांचे शब्द नाशिकला राहणाऱ्या माणसाने लिहिले तीच. कानेटकरांचं मत्स्यगंधा (१९६४) : 'गुंतता हृदय हे', 'देवाघरचे ज्ञात कुणाला'. शिरवाडकरांचं ययाति आणि देवयानी (१९६६) : 'हे सुरांनो चंद्र व्हा', 'सर्वात्मका सर्वेश्वरा'. यादी करताना ध्यानात आलं की दोन्ही नाटकांचं संगीत एकाच माणसाचं, पंडित जितेंद्र अभिषेकी. दोन वर्षांत, एकाच गावातल्या दोन नाटककारांची पदं. मला ही चारही गाणी शाळेपासून पाठ होती, पण ती एकमेकांची शेजारी आहेत हे यादीत शेजारी ठेवल्यावर कळलं.

त्यातच बैजू बावराची (१९५२) ती जुगलबंदीही ठेवली आहे, 'आज गावत मन मेरो झूम के'. शब्द नाशिकचे नाहीत, पण अमीर खाँसाहेबांबरोबर गाणारे द. वि. पलुस्कर नाशिकला जन्मले, १९२१ साली. वडील विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात इथेच आश्रम काढून राहिले होते. आणि द. वि. १९५५ मध्ये, पस्तिशीही गाठायच्या आत गेले. नियम मोडला तो फक्त त्यांच्यासाठी.

---

ओझरचा_वारा (मंगळवार, सकाळी ७:२०)

सुप्रभात. आपल्या गावाचाच निरोप हवा असेल तर गीतरामायणातलं 'या इथे लक्ष्मणा बांध कुटी' चालेल का? पंचवटीतलं आहे म्हणून सुचलं. आणि मारुतीकडे दिलेली अंगठी, तोही निरोपच, आणि तोही इथूनच निघाला.

---

रानजाई (मंगळवार, सकाळी ८:०५)

दादा, ते गाणं चित्रकूटचं आहे. दुसरीच ओळ ऐका, मंदाकिनीचा उल्लेख आहे, गोदावरीचा नाही. खूप जणांचा हा समज असतो. पंचवटीतली हवी असतील तर 'कोण तू कुठला राजकुमार', 'मज आणुनि द्या तो हरिण', 'याचका थांबु नको दारात', ही घ्या. आणि अंगठी रामाने मारुतीला दिली ती किष्किंधेत. तोवर पंचवटी मागे पडली होती.

---

ओझरचा_वारा (मंगळवार, सकाळी ८:३०)

खरंच की! रामनवमीला काळाराम मंदिराच्या बाहेर हे गाणं इतकी वर्षं ऐकतोय म्हणून डोक्यात तेच बसलं होतं. धन्यवाद ताई. छप्पन्न गाण्यांतली नेमकी पंचवटीतली वेगळी काढून एक यादी करतो आता. नाशिकच्या माणसाकडे ती असायलाच हवी.

---

प्राजक्ता_देवळाली (मंगळवार, दुपारी ३:३५)

हा धागा कालपासून तीनदा वाचला. माझे बाबा तोफखान्यात होते. आम्ही देवळाली कॅम्पला आणि ते कुठे आहेत ते आम्हाला माहीत नसायचं. पत्त्यावर गावच नसतं, युनिटचं नाव आणि खाली '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. मी लहानपणी नकाशात एपीओ नावाचं गाव शोधायची.

'संदेसे आते हैं' तुमच्या यादीत दिसलं नाही, बॉर्डर, १९९७. जावेद अख्तर, अनु मलिक, सोनू निगम आणि रूपकुमार राठोड. दहा मिनिटांच्या वर आहे, साठात बसवणं अवघड, हे कळतं. पण त्यातली एक गोष्ट मला फार खरी वाटते. घरून येणारी पत्रं वाचताना जवान एकमेकांना आपापल्या घरचं सांगत असतात. बाबाही सांगायचे, एकाचं पत्र आलं की सगळ्यांचं आलं. ज्याला आलं नाही त्याला दुसरा आपलं वाचायला द्यायचा.

---

मेलव्हॅन (मंगळवार, रात्री ९:००)

प्राजक्ता, तुझं पोस्ट वाचून हिला वाचून दाखवलं. ५६ एपीओच्या बॅगा आमच्या डब्यातून जायच्या. त्यांना वेगळा खण होता आणि ती बॅग आम्ही सगळ्यांत आधी बांधायचो. कुणाचा हुकूम नव्हता, तशी पद्धतच पडली होती.

'संदेसे आते हैं' या यादीत नाही घेता येणार. 'चिट्ठी आई है' सात मिनिटांच्या वर आहे, दोन्ही घेतली तर अर्ध्याहून जास्त बाजू दोन गाण्यांतच जाते. पण तुझ्यासाठी वेगळी यादी करतो, फक्त फौजी टपालाची. त्यात ते पूर्ण वाजेल, एक कडवंही कापायचं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. काल मिनिटं मांडताना प्रत्येक गाण्यापुढे गीतकार लिहिला. 'ख़त लिख दे' आनंद बक्षी. 'चिट्ठी आई है' आनंद बक्षी. शक्तीमधलं 'हमने सनम को ख़त लिखा' (१९८२) आनंद बक्षी. दुश्मनमधलं 'चिट्ठी ना कोई संदेस' (१९९८) आनंद बक्षी. बत्तीस वर्षांत पसरलेली चार गाणी, संगीतकार तीन, लिहिणारा एक. हा माणूस सिनेमात यायच्या आधी फौजेत होता. त्याने पत्राची वाट पाहिलेली होती. इतकी वर्षं ही गाणी ऐकतोय, पण एका खणात टाकेपर्यंत मला हे दिसलं नव्हतं.

---

शब्दवेडी (मंगळवार, रात्री ९:३०)

काका 😮 अंगावर काटा आला.

---

रानजाई (मंगळवार, रात्री १०:१०)

मेलव्हॅन, एक विचारू? 'चिट्ठी ना कोई संदेस' यादीत ठेवणार आहात का? जगजीत सिंगांनी गायलंय अप्रतिमच, पण ते गेलेल्या माणसाचं गाणं आहे. ताईंच्या घरी काय परिस्थिती आहे मला माहीत नाही, म्हणून विचारलं.

---

मेलव्हॅन (मंगळवार, रात्री १०:४०)

बरं झालं विचारलंत. ठेवलं होतं, वहीत पेननेच लिहिलं होतं. दाजी मागच्या वर्षी पौषात गेले. दाजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते, येवला-कोपरगाव पट्ट्यातल्या खांबांवर आयुष्य गेलं. आम्ही एकमेकांना चिडवायचो, तुमची तार, आमचं टपाल, आधी कोण पोचतं बघू.

गाण्याच्या प्रेमात माझं हे भान सुटलं. काढलं.

---

तानपुरा (बुधवार, सकाळी ६:५०)

एक सुचवणी. दोन बाजूंच्या मधे एक कोरं पत्र ठेवा. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना काय मायना लिहावा हे न सुचून कोरा कागद पाठवला आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, ही कथा आपण सगळे ऐकून आहोत. निवृत्तिनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकलाच. तर मधे शब्दच नसलेलं काहीतरी, एखादी बासरी. पन्नालाल घोषांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, त्यातली एखादी. ए बाजू पाठवलेली पत्रं, बी बाजू आलेली, मधे कोरं.

---

सातपूरकर (बुधवार, सकाळी ७:३०)

तानपुरा दादा, मानलं!

मी रात्रपाळीला मशीनवर असतो. आमच्याकडे ॲपच्या तयार याद्या चालतात, 'रात्रीची', 'एकटेपणाची', 'कामाची'. वाजतात आणि संपतात, कुठलं गाणं झालं ते सकाळी आठवत नाही. एकदा मी स्वतः बसून फक्त 'कंदील-दिवा-समई' अशी यादी केली होती, एकवीस गाण्यांची. महिन्याभराने बघतो तर त्यातली सहा राखाडी पडलेली, 'उपलब्ध नाही' म्हणून. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. त्यानंतर केलीच नाही. आता हा धागा वाचून पुन्हा करावीशी वाटतेय. काका, तुम्ही राखाडी पडलेल्या गाण्यांचं काय करता?

---

मेलव्हॅन (बुधवार, सकाळी ८:१०)

वही. गाणं, सिनेमा, साल, गायक, संगीतकार, गीतकार, मिनिटं. ॲपमधून गाणं गेलं तरी वहीतून जात नाही आणि नाव हाताशी असलं की दुसरीकडे सापडतं. दिव्यांची ती एकवीस नावं आठवत असतील तर आजच लिहून काढा. आणि मला पाठवा.

तानपुरा साहेब, कोरं पत्र घेतलं.

---

मेलव्हॅन (रविवार, रात्री ८:२०)

मंडळी, आज येवल्याहून आलो. सविस्तर लिहितो.

क्रम असा ठरला. ए बाजूला 'ख़त लिख दे', मग लगेच 'घाल घाल पिंगा वाऱ्या', 'माझिया माहेरा जा', 'लिखे जो ख़त तुझे', 'ये मेरा प्रेमपत्र', 'हमने सनम को ख़त लिखा', आणि शेवटी 'फूल तुम्हें भेजा है'. बाईचा आवाज, बाईचा आवाज, पुन्हा बाईचा आवाज, मग रफीसाहेब, असं वळण जाणूनबुजून ठेवलंय, कारण तिसऱ्या गाण्यानंतर जे मन जड होतं ते 'लिखे जो ख़त' च्या सुरुवातीलाच उचललं जातं. मधे बासरी. बी बाजूला 'पैल तो गे काऊ' पहिलं. मग 'डाकिया डाक लाया', मग दुल्हनमधलं (१९७४) 'आएगी ज़रूर चिट्ठी मेरे नाम की', ते शुक्रवारी आठवलं. सगळ्यात शेवटी 'चिट्ठी आई है', कारण त्याच्यानंतर दुसरं गाणं मला लावता येत नाही. बी बाजू थोडी मोकळी ठेवली, नेहमी ठेवतो. एकूण एक्कावन्न मिनिटं आणि काही सेकंद.

सकाळच्या एसटीने गेलो. विंचूर सोडलं तसा पाऊस सुरू झाला. ताई ओसरीत बसली होती, पाय पसरून, मांडीवर शेंगांचं सूप. डोळे नाहीत पण हात चालूच असतात. भाच्याचा फोन तिच्याजवळ ठेवला आणि लावलं. आधी काही सांगितलं नाही, विषयही नाही.

दुसऱ्या गाण्याला शेंगा सोलायच्या थांबल्या. तिसरं संपलं तेव्हा म्हणाली, 'हे तू मला लिहिलं होतंस. माझ्या पहिल्या दिवाळीच्या आधी. कार्ड ओलं होऊन आलं होतं, "पाखरा" एवढंच वाचता येत होतं.' मला हे अजिबात आठवत नव्हतं. तिला कार्डाचा कोपरा आठवत होता.

बासरी लागली तेव्हा विचारलं, 'यात शब्द का नाहीत?' मी कोऱ्या पत्राची गोष्ट सांगितली. म्हणाली, 'असं एक मीही टाकलं होतं तुला. आई गेली तेव्हा.' ते मात्र मला आठवत होतं. आतल्या बाजूला काहीच नसलेलं निळं अंतर्देशीय, बाहेर फक्त पत्ता तिच्या अक्षरात. माझ्याकडे आहे ते.

'चिट्ठी आई है' संपलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिने विचारलं, 'आणि ह्यांचं गाणं?'

मी म्हटलं, कुठलं?

'रंगूनचं.'

दाजी खांबावर चढले की खालच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणायचे म्हणे. घरी पहिला फोन बसला तेव्हा ऑफिसातून त्यांनी नंबर फिरवला आणि हॅलोसुद्धा न म्हणता ते गाणं म्हटलं. ताईने रिसीव्हर कानाला लावून सगळं ऐकलं आणि काही न बोलता ठेवून दिला, कारण सासूबाई समोर बसल्या होत्या. हे मला आज कळलं, इतक्या वर्षांनी.

मी तिला माझा नियम सांगितला, फोन म्हणजे चिठ्ठी नव्हे. ती म्हणाली, 'अरे, तुझं पत्र मी आता फोनवरच ऐकतेय ना?'

सातपूरकर, तुम्ही पहिल्याच रात्री सांगितलं होतं. रंगून घेतलं. तिथेच, ओसरीत बसून.

आता अडचण अशी की ताईने जाताना आणखी चार गाणी सांगितली. दोन दाजींची, एक आईचं जात्यावरचं, ते कुणाच्या आवाजात मिळेल का बघतो, आणि एक तिचं स्वतःचं, ज्याचा मुखडा तिला आठवत नाही, फक्त मधला एक अंतरा गुणगुणली. मी फोनवर रेकॉर्ड करून आणलाय, उद्या इथे टाकतो, कुणाला ओळखता आला तर सांगा. सगळं घेतलं तर साठ मिनिटांच्या बरंच वर जातं. काय काढू?

---

रानजाई (रविवार, रात्री ८:४५)

काहीही काढू नका. सी-९० घ्या.

---

सातपूरकर (रविवार, रात्री ८:५०)

आता फीत गुंतत नाही काका. अंतरा उद्याची वाट न बघता आजच टाका, मी रात्रपाळीला जागाच आहे.